देश पाहावा बांधून!

एक टू-बीएचके घेताना आपली दमछाक होते. २०१५च्या भूकंपानंतर नेपाळने सात लाखांच्या आसपास घरं पुन्हा उभी केली. तीही तीन हप्त्यांत, इंजिनिअरची सही घेत घेत! हे जमलं कसं, फसलं कुठे आणि पुढच्या धक्क्याला ते पुरेल का?

'घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून' असं आपली आजी म्हणायची. आपल्या पिढीने या म्हणीची पार वाट लावलीय. लग्नाला इव्हेंट मॅनेजर आहे आणि घर तर आपण बांधतच नाही, 'बुक' करतो. शनिवार-रविवारी सॅम्पल फ्लॅट बघायचा, मॉड्युलर किचनवर हात फिरवायचा, प्री-अप्रूव्हड लोनच्या कागदांवर पंचवीस सह्या ठोकायच्या. मग स्लॅब पडेल तसतसे बँक पैसे सोडणार, बिल्डर पझेशनची तारीख पुढे ढकलणार आणि आपण ऑफिसच्या पॅन्ट्रीत फ्लोटिंग की फिक्स्ड यावर तावातावाने बोलणार. एवढं करूनही शेवटी भिंतीला पहिली भेग दिसली की काळजात धस्स होतंच.

आता कल्पना करा, एकाच दिवशी, एकाच देशात, जवळजवळ पाच लाख घरं जमीनदोस्त झाली आहेत. आणखी अडीच लाखांना तडे गेले आहेत. बिल्डर नाही. रस्ता नाही. घरातला कर्ता मुलगा दोह्याला किंवा क्वालालंपूरला. दोन महिन्यांवर पावसाळा. आणि देशाकडे राज्यघटनासुद्धा अजून तयार नाही!

ही कुठल्या डिझॅस्टर मूव्हीची स्टोरी नाही. ही एप्रिल २०१५मधल्या नेपाळची गोष्ट आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांनी तिथे ट्रेक केलाय, पशुपतिनाथाला जाऊन आलेत, थामेलच्या गल्ल्यांत स्वस्तातली जॅकेट्स घेतलीत. पण आपण फोटो काढून परत आलो त्या देशाने स्वतःला पुन्हा कसं बांधलं, हे मात्र आपल्याला फारसं ठाऊक नसतं.

शनिवार होता म्हणून...

२५ एप्रिल २०१५. वेळ सकाळी ११ वाजून ५६ मिनिटं. गोरखा जिल्ह्यातल्या बारपाक गावाजवळ केंद्र असलेला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. भारताचा भूखंड दरवर्षी काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत तिबेटखाली घुसतोय. त्या घुसण्यातूनच हिमालय उभा राहिला आणि त्या घुसण्यातूनच अधूनमधून तो असा हलतो. या खेपेला जमिनीखालची फाट बारपाकपासून पूर्वेकडे, काठमांडूच्या उत्तरेने फाटत गेली. त्यामुळे सर्वांत जास्त माणसं केंद्राजवळ न मरता बरीच पूर्वेला, सिंधुपाल्चोक जिल्ह्यात मेली. तिथे एकट्या जिल्ह्यात साडेतीन हजारांच्या आसपास बळी गेले. लांगटांग खोऱ्यात बर्फ आणि दगडांचा कडा कोसळला आणि ट्रेकर्सचं लाडकं लांगटांग गाव काही क्षणांत गाडलं गेलं. लोक जरा सावरतायत तोच १२ मे रोजी ७.३ तीव्रतेचा दुसरा मोठा धक्का बसला. सगळे मिळून सुमारे नऊ हजार मृत्यू, बावीस हजारांवर जखमी.

आणि तरीही नेपाळी माणूस या भूकंपाबद्दल बोलताना 'नशीब' हा शब्द वापरतो. कारण तो शनिवार होता. नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते. हजारो वर्गखोल्या कोसळल्या, त्या रिकाम्या होत्या. दुपारची वेळ असल्याने खेड्यातली माणसं शेतात होती. हाच भूकंप रात्री दोन वाजता किंवा बुधवारी सकाळी झाला असता तर आकडा कुठे गेला असता, याचा विचार नको वाटतो.

एवढी घरं पडली का? उत्तर सोपं आहे. डोंगरातली बहुतेक घरं दगड आणि मातीची होती. जाड भिंत, आतला एक थर, बाहेरचा एक थर, मधे गोटे आणि चिखलाची भर. दिसायला भक्कम, उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. पण जमीन हलली की हे दोन थर एकमेकांपासून सुटतात, भिंत फुगते आणि छपरासकट खाली येते. माणसाला भूकंप मारत नाही, त्याचंच घर मारतं असं म्हणतात ते यामुळेच.

पैसे तर आले, पण...

जगाने हात आखडता घेतला असं मुळीच म्हणता येणार नाही. भूकंपानंतर बरोबर दोन महिन्यांनी, २५ जून २०१५ला काठमांडूत आंतरराष्ट्रीय परिषद भरली. नुकसानीचा अंदाज होता सुमारे सात अब्ज डॉलर, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या जवळजवळ एक तृतीयांश. परिषदेत चार अब्ज डॉलरहून जास्त मदतीची आश्वासनं मिळाली. भारताने एक अब्ज डॉलर जाहीर केले, त्यातले पाव अनुदान आणि बाकी सवलतीचं कर्ज. आकडे ऐकून वाटावं, चला, आता वर्षभरात सगळं चकाचक!

पण आश्वासन आणि सिमेंटची गोणी यांच्यामध्ये खूप लांबचा रस्ता असतो. हे सगळे पैसे खर्च करायला एक वेगळी यंत्रणा हवी होती. तिच्यासाठी निघालेल्या वटहुकमाचं वेळेत कायद्यात रूपांतरच झालं नाही. प्रमुख कोण, कुठल्या पक्षाचा, यावरून ताणाताणी सुरू राहिली. राष्ट्रीय पुनर्निर्माण प्राधिकरण प्रत्यक्षात कामाला लागलं ते डिसेंबर २०१५च्या शेवटच्या आठवड्यात. तोपर्यंत एक आख्खा पावसाळा लोकांनी पत्र्याखाली आणि ताडपत्रीखाली काढला होता. 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' ही म्हण कुणी नेपाळीत भाषांतरित केली नसेल, पण अनुभवली मात्र सगळ्यांनी.

त्यात दुष्काळात तेरावा महिना. २० सप्टेंबर २०१५ला नेपाळची नवी राज्यघटना लागू झाली. तराईतल्या मधेशी लोकांचा तिच्यातल्या तरतुदींना विरोध होता, आंदोलन पेटलं आणि भारताच्या सीमेवरची मालवाहतूक जवळजवळ ठप्प झाली. नेपाळ सरकारने आणि तिथल्या सर्वसामान्य माणसाने याला भारताची नाकेबंदी म्हटलं. भारताने ते नाकारलं, अडथळा नेपाळमधल्या आंदोलनाचा आहे असं सांगितलं. वाद कुणाचाही खरा माना, पेट्रोल, गॅस, औषधं आणि बांधकामाचं सामान फेब्रुवारी २०१६पर्यंत अडकलं हे खरंच. काठमांडूत गॅस सिलिंडरसाठी रांगा लागल्या. डोंगरात लोक पत्र्याच्या शेडमध्ये हिवाळा काढत होते आणि ट्रक सीमेवर उभे होते. आजही एखाद्या नेपाळी मित्राशी गप्पा मारताना तो 'त्या वेळी तुम्ही...' असं म्हणून गप्प झाला, तर त्या गप्प होण्यात काय आहे हे आपल्याला माहीत असलेलं बरं.

तीन हप्त्यांचं घर

आता खरी इंटरेस्टिंग गोष्ट. सरकारपुढे दोन रस्ते होते. एक, मोठमोठ्या ठेकेदारांना बोलावून एकाच छापाच्या कॉलन्या बांधायच्या आणि लोकांच्या हातात किल्ल्या द्यायच्या. दुसरा, पैसे थेट घरमालकाच्या बँक खात्यात टाकायचे आणि त्याला सांगायचं, 'तुझं घर तू बांध. पण भूकंपात टिकेल असं बांध.' २००१च्या भूकंपानंतर गुजरातने आणि २००५च्या भूकंपानंतर पाकिस्तानने हा दुसरा रस्ता मोठ्या प्रमाणावर वापरला होता. नेपाळनेही तोच निवडला.

अनुदान आधी दोन लाख नेपाळी रुपये ठरलं, २०१६मध्ये ते तीन लाख झालं. शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी रुपये हा दर वर्षानुवर्षं ठरलेला आहे. म्हणजे आपल्या हिशेबात एक लाख सत्त्याऐंशी हजार पाचशे. आपल्याकडे शहरात एवढ्यात पार्किंगसुद्धा येणार नाही!

समजा, गोरखा जिल्ह्यात डोंगरउतारावर राहणारी एक बाई आहे. तिला आपण दिदी म्हणू, तिथे तसंच म्हणतात. तिचं काम कसं चाललं असेल? आधी घरोघरी फिरणाऱ्या सर्व्हेवाल्यांनी टॅबवर तिच्या पडक्या घराची नोंद केली. मग यादीत नाव लागलं. मग स्थानिक कार्यालयात करार, बँकेत खातं. खात्यात पहिला हप्ता, ५० हजार. त्यात पाया खणून जोतं बांधायचं. जोतं झालं की इंजिनिअर येणार, मापं घेणार, फोटो काढणार. पास झालं तर दुसरा हप्ता, दीड लाख. भिंती वर चढल्या की पुन्हा तपासणी आणि तिसरा हप्ता, एक लाख. थोडक्यात काय, आपल्या कन्स्ट्रक्शन-लिंक्ड होम लोनचाच हा डोंगरी अवतार. फरक एवढाच की इथे हप्ता परत फेडायचा नव्हता, आणि इंजिनिअर लिफ्टने नाही तर पाच-पाच तास चढण चढून यायचा.

या इंजिनिअरांबद्दल खरं तर वेगळा लेख लिहायला हवा. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, तुमच्या-माझ्या वयाची किंवा त्याहून लहान पोरं-पोरी. अनेकांनी काँक्रीटच्या इमारती शिकलेल्या, दगड-मातीच्या घराचा धडा अभ्यासक्रमात जेमतेम. पगार कंत्राटी. राहायची सोय नाही. काहींनी राजीनामे दिले, काहींनी सोयींसाठी काम बंद पाडलं. जे टिकले त्यांच्या एका सहीवर एखाद्या कुटुंबाचा पुढचा हप्ता अवलंबून असायचा. डेडलाइनचं प्रेशर म्हणजे काय, हे त्यांना विचारावं!

*चौकट: भूकंपात घर कशामुळे टिकतं?*

• भिंतीला कंबरपट्टा: जोत्यावर, खिडकीखाली, दारा-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली असा लाकडाचा किंवा सिमेंट-सळईचा सलग पट्टा संपूर्ण घराभोवती फिरवतात. चारही भिंती एका पेटीसारख्या एकत्र हलतात.
• आरपार दगड: भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला एकत्र धरून ठेवणारा लांब दगड ठरावीक अंतरावर बसवायचा. खर्च जवळपास शून्य, फायदा प्रचंड.
• पक्के कोपरे: दोन भिंती जिथे मिळतात तिथे दगड एकमेकांत गुंफलेले हवेत. भेग बहुधा तिथूनच सुरू होते.
• हलकं छप्पर: डोक्यावर जितकं ओझं कमी, तितका धोका कमी.
• छोटी दारं-खिडक्या, कोपऱ्यापासून दूर: सी-व्ह्यू नसला तरी चालेल!

नवरा दोह्यात, घर डोंगरात

कागदावर योजना सुंदर होती. प्रत्यक्षात मात्र तीन प्रश्न डोकं वर काढत राहिले.

पहिला प्रश्न माणसांचा. भूकंपाच्या आधीपासूनच नेपाळमधून रोज हजार-पंधराशे तरुण आखातात आणि मलेशियात कामाला जात होते. त्यांनी पाठवलेला पैसा म्हणजे देशाच्या उत्पन्नाचा पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त. कतारमध्ये स्टेडियम बांधणारे हात नेपाळी होते, पण त्यांच्या स्वतःच्या गावात पडलेलं घर उभं करायला हात नव्हते. गवंडी मिळेना, मिळाला तर दुप्पट मजुरी. नुकसान झालेल्या घरांपैकी सुमारे पाव घरांची कर्ती बाईच होती. मग बायकांनाच गवंडीकामाचं ट्रेनिंग देण्यात आलं. ज्या समाजात 'बाईने थापी धरायची नाही' असा अलिखित नियम होता, तिथे बायका ओळंबा लावून भिंती चढवू लागल्या. हा बदल कुठल्याही पॉलिसी डॉक्युमेंटमधून आला नाही, तो गरजेतून आला.

दुसरा प्रश्न पैशांचा. तीन लाखांत घर पुरं होत नव्हतं, आणि रस्ता नसलेल्या गावात तर मुळीच नाही. खेचरावरून सिमेंटची गोणी वर नेईपर्यंत तिचा भाव दुप्पट-तिप्पट व्हायचा. सरकारने स्वस्त कर्जाची घोषणा केली होती, पण डोंगरातली जमीन तारण घ्यायला बँका तयार नव्हत्या, त्यामुळे फार थोड्यांना ते मिळालं. उरलेले सावकाराच्या दारात गेले, चढ्या व्याजाने. आणि ते फेडायला घरातला आणखी एक मुलगा परदेशी गेला. म्हणजे घर मजबूत झालं, पण घरातली माणसं आणखी विखुरली. आपल्या ईएमआयच्या रडगाण्यापुढे हा हिशेब ठेवून बघा.

यातूनच एक अजब प्रकार जन्माला आला, एका खोलीचं घर. हप्ते संपायच्या मुदती जवळ येत होत्या, पैसे अपुरे होते, नियम मोडता येत नव्हते. मग लोकांनी काय केलं? सगळे पट्टे, सगळे आरपार दगड घालून एक छोटीशी, नियमात बसणारी खोली बांधली, इंजिनिअरची सही घेतली, तिसरा हप्ता उचलला. आणि स्वयंपाक, धान्य, म्हातारी माणसं? ती राहिली शेजारच्या जुन्या, तडे गेलेल्या घरात किंवा पत्र्याच्या शेडमध्येच. सरकारच्या यादीत 'पूर्ण' अशी टिक पडली. पण सहा माणसांचं शेतकरी कुटुंब, त्याची कणगी, त्याचा चुलाणा एका खोलीत कसा मावणार? ज्याने नियम केला त्याने घर मोजलं, घरातली माणसं मोजायची राहून गेली.

तिसरा प्रश्न कागदांचा. अनुदान जमिनीच्या मालकाला. मग जो पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर राहतोय त्याचं काय? जिच्याकडे नागरिकत्वाचा दाखलाच नाही त्या बाईचं काय? देवस्थानाच्या, म्हणजे तिथल्या भाषेत 'गुठी'च्या जमिनीवर घर असलेल्याचं काय? भूमिहीनांसाठी आणि एकट्या वृद्धांसाठी पुढे वेगळ्या तरतुदी झाल्या, अपंग आणि म्हाताऱ्यांना ५० हजारांची जादा मदतही जाहीर झाली. पण ती आली तेव्हा बाकीच्यांची घरं अर्धीअधिक उभी होती. सर्वांत गरजू माणूस रांगेत सर्वांत शेवटी, हे चित्र काही फक्त नेपाळचं नाही.

देऊळ कुणाचं?

काठमांडूला गेलेल्या प्रत्येकाने दरबार स्क्वेअर पाहिलेला असतो. ज्याच्यावरून शहराला नाव मिळालं असं मानतात, तो 'काष्ठमंडप' तिथलाच. भूकंपाच्या दिवशी तिथे रक्तदान शिबिर चालू होतं आणि कित्येक शतकांची ती लाकडी वास्तू लोकांच्या अंगावर कोसळली. नंतर उत्खनन झालं तेव्हा पायाखाली सातव्या शतकापर्यंत मागे जाणारे अवशेष सापडले. आणि एक गंमत कळली: जुना पाया मुळात उत्तम होता. विसाव्या शतकातल्या डागडुजीत मात्र एक मुख्य खांब आपल्या बैठकीच्या दगडात नीट बसवलाच गेला नव्हता! म्हणजे 'पूर्वीच्यांना काही कळत नव्हतं' हा आपला आवडता समज इथे सपशेल पडला.

काष्ठमंडपाचं काम नेहमीसारखं ठेक्यावर जाऊ नये म्हणून शहरातले तरुण, वास्तुतज्ज्ञ आणि स्थानिक नेवार लोक एकत्र आले. सभा घेतल्या, पत्रकं काढली, सरकारशी भांडले. अखेर लोकांच्या समितीने हे काम केलं आणि २०२२मध्ये काष्ठमंडप पारंपरिक पद्धतीने, लाकूड-विटांत पुन्हा उभा राहिला.

'राणी पोखरी' या तलावाची कथाही तशीच. राजा प्रताप मल्लाने सतराव्या शतकात मुलाच्या मृत्यूने खचलेल्या राणीसाठी हा तलाव बांधला. दुरुस्तीत चक्क काँक्रीट ओतायला सुरुवात झाली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. काम थांबलं, पुन्हा विटा आणि सुरखीच्या जुन्या पद्धतीने झालं, आणि २०२०मध्ये तलाव भरला. भक्तपूरने तर जर्मनीची मोठी मदत अटी पटल्या नाहीत म्हणून नाकारली आणि आपल्याच कारागिरांकडून देवळं उभी केली. १७०२मध्ये बांधलेलं तिथलं पाच मजली न्यातपोल देऊळ १९३४च्या आणि २०१५च्या, दोन्ही भूकंपांत उभं राहिलं होतं, त्यामुळे भक्तपूरकरांचा आत्मविश्वास समजण्यासारखा आहे.

याच्या अगदी उलट टोकाला 'धरहरा' मनोरा. १९३४मध्ये पडला, पुन्हा बांधला, २०१५मध्ये पुन्हा कोसळला आणि कित्येकांचा बळी घेऊन गेला. एप्रिल २०२१मध्ये नव्या, काँक्रीट-पोलादाच्या धरहराचं उद्घाटन झालं. शेजारी जुन्याचा बुंधा आहेच. एकाच शहरात दोन उत्तरं: एक लोकांनी घासाघीस करून, हळूहळू मिळवलेलं, दुसरं फीत कापायला सोयीचं.

किल्लारीने आधीच सांगितलं होतं

हे सगळं वाचताना मराठी माणसाला एक गाव आठवल्याशिवाय राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात जमीन हादरली. जवळपास आठ हजार माणसं गेली. तिथेही दोष तोच: जाड दगड-मातीच्या भिंती आणि डोक्यावर मातीचं वजनदार माळवद.

त्यानंतर ५२ गावं संपूर्णपणे नव्या जागी वसवण्यात आली. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, काँक्रीटची घरं. सुरक्षित होतीच. पण वाड्याचा अंगण-सोपा गेला, जनावरं बांधायची कुठे हा प्रश्न आला, शेत लांब पडलं, गल्लीतला शेजार तुटला. त्याच वेळी १३ जिल्ह्यांत दुसरा प्रयोग चालू होता. सुमारे दोन लाख घरमालकांनी सरकारी मदतीने आपापल्या घराची दुरुस्ती आणि मजबुती स्वतः केली. या कामात प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या माध्यमातून गावोगावच्या बायका पुढे आल्या, लोक आणि सरकार यांच्यातला दुवा बनल्या. २००१च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या बायका हा अनुभव घेऊन कच्छमध्ये गेल्या. नऊवारी नेसलेल्या 'कन्सल्टंट'! लॅपटॉप नाही, प्रेझेंटेशन नाही, सांगायचं ते एवढंच: घर आपलं आहे, लक्ष आपणच ठेवायचं.

नेपाळने मुख्य रस्ता हाच निवडला. पण जिथे गावच उचलून दुसरीकडे नेलं, तिथे मात्र किल्लारीचीच गोष्ट पुन्हा घडली. बारपाकच्या शेजारच्या लाप्राक गावासाठी अनिवासी नेपाळींच्या संघटनेने वर उंचावर, गुप्सी पाखा इथे पाचशेहून जास्त घरांची वस्ती बांधली. रांगेत देखणी घरं. पण थंडी कडक आणि शेतं खाली. बरीच घरं रिकामी राहिली, लोक जुन्या गावातच परतत राहिले. घर बांधता येतं हो, गाव बांधणं कठीण.

पास की नापास?

डिसेंबर २०२१मध्ये पुनर्निर्माण प्राधिकरणाची मुदत संपली. भारताने गोरखा आणि नुवाकोट जिल्ह्यांत मदत केलेली ५० हजार घरंही त्याच वर्षी पुरी झाली. इतक्या दुर्गम प्रदेशात, राजकारणाच्या इतक्या उलथापालथीत सहा वर्षांत एवढी घरं उभी राहणं, तीही लोकांनी स्वतः बांधलेली, ही छोटी गोष्ट नाही. त्यासाठी नेपाळी माणसाला सलाम करायलाच हवा.

पण परीक्षा तिथे संपली नव्हती. ३ नोव्हेंबर २०२३च्या रात्री पश्चिम नेपाळमध्ये, जाजरकोट आणि रुकुम पश्चिम जिल्ह्यांत भूकंप झाला. २०१५च्या मानाने खूपच लहान. तरीही दीडशेहून जास्त माणसं दगावली, त्यांतली निम्म्याच्या आसपास मुलं होती. रात्रीची वेळ, सगळे घरात, आणि घरं? तीच. दगड आणि माती.

का? कारण २०१५चा सगळा कार्यक्रम ३२ बाधित जिल्ह्यांपुरता होता. ज्यांची घरं पडली त्यांना नवी, मजबूत घरं मिळाली. ज्यांची पडली नव्हती त्यांच्या भिंतीत एक दगडसुद्धा आरपार बसला नाही. हजारो गवंडी तयार झाले, इंजिनिअर तयार झाले, नियम लिहिले गेले, पण मुदत संपल्यावर ते शहाणपण पश्चिमेकडच्या डोंगरांत पोचवायला कुणी उरलं नाही. जाजरकोटच्या लोकांनी ताडपत्रीखाली पुन्हा तोच हिवाळा काढला, थंडीने माणसं गेल्याच्या बातम्या पुन्हा आल्या. तात्पुरत्या निवाऱ्यासाठी ५० हजार, तेही दोन हप्त्यांत. आणि शास्त्रज्ञ सांगतात की पश्चिम नेपाळमध्ये १५०५नंतर फार मोठा भूकंप झालेलाच नाही. म्हणजे पाचशेहून जास्त वर्षांचा ताण जमिनीखाली साठतोय.

तर मग नेपाळच्या या गोष्टीतून आपण काय घ्यायचं? आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय निघाला की किती जण मोबाइल काढून बसतात, आठवून बघा. लॉबीला इटालियन मार्बल हवं यावर एकमत पाच मिनिटांत होतं. कॉलमच्या दुरुस्तीचा खर्च काढला की पुढच्या महिन्यात बघू! काठमांडूतल्या काही शाळांचं भूकंपाआधीच मजबुतीकरण झालं होतं आणि २०१५मध्ये त्या उभ्या राहिल्या. त्या शाळांचे फोटो कुठल्या मासिकाच्या कव्हरवर आले नाहीत. न पडलेल्या भिंतीची बातमी होत नाही ना!

भूकंपानंतर पाडलेलं घर तीन हप्त्यांत उभं राहू शकतं. भूकंपाआधी त्यातला अर्धा हप्ता कुणी खर्च करेल का, एवढाच प्रश्न आहे. जाजरकोटच्या पलीकडच्या गावांमध्ये आज रात्रीही मुलं दगड-मातीच्या भिंतींखाली झोपणार आहेत. त्यांच्यासाठी उद्या शनिवार असेलच असं नाही.